घोडे तेवढेच, आकडे वेगळे

गाडीच्या माहितीपत्रकात १४२ पीएस छापलेले असतात. तीच गाडी ट्युनिंगच्या गॅरेजमध्ये ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढते, रोलर गरगरा फिरतात आणि पडद्यावर ११८ चा आकडा उमटतो. मालकाचा चेहरा पडतो. कंपनीने फसवले, की इंजिनच बसले? बहुतेक वेळा दोन्ही शंका निराधार असतात. माहितीपत्रकातला आकडा इंजिनाचा असतो. इंजिन गाडीबाहेर काढून, टेस्ट बेंचवर बसवून तो मोजतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये हे काम ठरलेल्या मानकांनुसार चालते. डायनोच्या रोलरवर दिसतो तो चाकांचा आकडा. मधल्या वाटेवर गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर असतात. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरही असतो. यातला प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. हा हिशेब समजला तर डायनोचा कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो. समजला नाही, तर त्याच कागदाच्या भरवशावर रीमॅप, फिल्टर आणि एक्झॉस्टवर नाहक पैसे जातात.

गिअर काय वाढवतो?

एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी ताकद, म्हणजे ७३५.५ वॉट. जेम्स वॉटच्या हिशेबातून आलेली ब्रिटिश अश्वशक्ती किंचित मोठी, सुमारे ७४६ वॉटची. त्यामुळे १४२ पीएस आणि १४० बीएचपी हे एकाच इंजिनाचे आकडे असू शकतात.

टॉर्क हा फिरवण्याचा जोर. त्या जोराला वेगाने गुणले की पॉवर मिळते. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, उत्तर किलोवॉटमध्ये. आपले इंजिन ५००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर देते असे धरू. उत्तर येते १०४.७ किलोवॉट, म्हणजेच १४२ पीएस. आता पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचे ४ घ्या. इंजिनाच्या १४ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. चाकांकडे २८०० न्यूटन-मीटर पोचतात, पण चाक फिरते फक्त ३५७ आरपीएमने. गुणाकार करून पाहा, पुन्हा तेच १०४.७ किलोवॉट. गिअर टॉर्क कितीही पट करून देईल, पॉवर मात्र एका वॉटनेही वाढवत नाही. उलट दातांच्या घर्षणात आणि तेल घुसळण्यात थोडी खर्च करतो.

मग गिअर बदलला की डायनोवरचा आकडा का बदलतो? कारण बरेच डायनो इनर्शिया प्रकारचे असतात. त्यांत ठरावीक वजनाचा जड रोलर असतो आणि गाडीने तो किती झपाट्याने पळवला यावरून पॉवर काढली जाते. पण गाडी केवळ रोलर पळवत नसते. क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील, गिअर, चाके या सगळ्यांना वेग द्यायलाही इंजिनाचीच ताकद लागते, आणि ती ताकद रोलरपर्यंत पोचत नाही.

हा खर्च किती होतो ते पाहू. इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व ०.२ किलो-चौरस मीटर आहे असे धरा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन २००० वरून ६००० आरपीएमवर ४ सेकंदांत पोचले, तर तेवढे भाग पळवायलाच सुमारे २१ न्यूटन-मीटर लागतात. ५००० आरपीएमला त्याचे होतात सुमारे १५ पीएस. चौथ्या गिअरमध्ये त्याच प्रवासाला १२ सेकंद लागले, तर हा खर्च ५ पीएसवर येतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, दिवस तोच, आणि कागदावर १० पीएसचा फरक! छोट्या गुणोत्तराऐवजी मोठ्या गुणोत्तराचा फायनल ड्राइव्ह बसवला किंवा जड अलॉय व्हील चढवले, तरी इनर्शिया डायनोवर आकडा असाच खाली येतो. एडी करंट ब्रेक लावून इंजिन एका आरपीएमवर स्थिर धरणाऱ्या लोड डायनोवर वेग वाढवण्याचा हा खर्च उरत नाही.

म्हणून चाचणी शक्यतो १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये घेतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अनेक गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद दातांच्या जोड्या टाळून सरळ पुढे जाते.

कन्व्हर्टरच्या पोटात

टॉर्क कन्व्हर्टरचे पेटंट जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली घेतले, ते जहाजांसाठी. मोटारींत तो रुळला १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोपासून. एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसेच इथे होते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो आणि गिअरबॉक्सला जोडलेला टर्बाइन त्या माऱ्याने फिरतो. दोघांच्या मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, आणि त्यामुळेच टॉर्क वाढतो.

सिग्नलला ब्रेक दाबून अॅक्सिलरेटर पूर्ण दिला असे समजा. इंजिन २००० आरपीएमला १५० न्यूटन-मीटर देते आहे, म्हणजे सुमारे ३१ किलोवॉट. टर्बाइनवर त्याचे दुप्पट, ३०० न्यूटन-मीटर मिळू शकतात. पण टर्बाइन फिरतच नाही, म्हणून तिथली पॉवर शून्य. सगळे ३१ किलोवॉट तेल तापवण्यात जातात. टॉर्क दुप्पट आणि पॉवर शून्य, ही दोन्ही विधाने एकाच क्षणी खरी असतात.

वेग वाढला की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ थांबते. तरीही टर्बाइन इम्पेलरच्या थोडा मागेच राहतो. ५००० ला ४८५० म्हटले तरी ३ टक्के घसरण झाली. आपल्या १४२ पीएसपैकी चारेक पीएस तिथेच गेले. ही गळती थांबवायला लॉकअप क्लच आला. १९४९ मध्ये पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिकमध्ये तो होता आणि आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत असतोच. तो लागला की दोन्ही बाजू एकजीव होऊन फिरतात.

डायनोवर कन्व्हर्टर टॉर्कच्या आलेखात मोठाच घोळ घालतो. अनेकदा इंजिनाचा आरपीएम रोलरच्या वेगावरून काढला जातो. समजा चाकांवर ६० किलोवॉट आहेत आणि रोलरवरून निघतो २००० आरपीएम, पण कन्व्हर्टर घसरत असल्याने इंजिन प्रत्यक्षात २६०० वर आहे. आलेख सांगेल २८६ न्यूटन-मीटर. मधले नुकसान १० टक्के धरले, तर इंजिनाचा खरा टॉर्क २४५ च्या आसपास निघतो. उरलेली वाढ कन्व्हर्टरची. चाचणीच्या मध्येच लॉकअप लागला किंवा किकडाउन होऊन गिअर खाली उतरला, तर आलेखात अचानक कडा दिसते. तिचा इंजिनाशी काडीचाही संबंध नसतो.

हवा आणि सरसकट टक्केवारी

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून टर्बो नसलेले इंजिन इथे काहीसे कमी ताकद देते. हा फरक भरून काढायला डायनोचे सॉफ्टवेअर दुरुस्तीचा गुणक लावते. एसएई जे१३४९ या मानकात संदर्भ तापमान २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. मानक बदलले की त्याच गाडीचा आकडाही बदलतो.

एवढे सगळे घटक असताना चाकांवरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून इंजिनाची ताकद सांगायची पद्धत सोडून द्यायला हवी. गिअर कोणता, कन्व्हर्टर लॉक होता का, तेल किती तापले, टायरमध्ये हवा किती, यावर नुकसान ठरते. ते सगळ्या गाड्यांत एकच कसे असेल?

म्हणून गाडीवर खर्च करण्याआधी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा चाचणी घ्या, आणि तीही त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, त्याच टायरवर, कन्व्हर्टर लॉक ठेवून, इंजिन आणि गिअरबॉक्स सारखे तापल्यावर. या अटी आणि दुरुस्तीचे मानक कागदावर लिहून मागा. प्रत्येक वेळी दोन-तीन धावा घ्या. त्या आपसातच जुळत नसतील, तर पुढची तुलना करू नका. मित्राच्या गाडीचा दुसऱ्या शहरातल्या डायनोवरचा आकडा तुमच्या गाडीबद्दल काहीही सांगत नाही. डायनोचे खरे काम गाडी किती सुधारली हे दाखवण्याचे आहे, आणि ते काम तो चोख करतो.