चोर एक, सोंगे हजार

‘मागच्या महिन्याचे वीजबिल अपडेट न झाल्याने आज रात्री साडेनऊला तुमचा पुरवठा तोडण्यात येईल. ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ अशा अर्थाचा संदेश कधीच आला नाही, असा मोबाईलधारक महाराष्ट्रात विरळाच. २०२२ मध्ये या संदेशांचा एवढा सुळसुळाट झाला की ते आपले नाहीत हे महावितरणला पुन्हापुन्हा जाहीर करावे लागले. मुंबईतल्या मोबाईलवर तो जितक्या सहज येतो, तितक्याच सहज वर्धा जिल्ह्यात पुलगावला खेटून असलेल्या नाचणगावातल्या मोबाईलवरही पोहोचतो. चोराला गावाच्या आकाराशी देणेघेणे नसते. दहा आकडी नंबर मिळाला की त्याचे भागते.

असा संदेश संगणकाने ओळखून अडवावा, ही अपेक्षा रास्त आहे. ‘वीज’, ‘बिल’, ‘तोडण्यात येईल’ हे शब्द एकत्र दिसले की संदेश संशयित धरायचा, असा नियम कोणीही पाच मिनिटांत लिहील. पण दुसऱ्या दिवशी चोर ‘लाईट कट होणार’ असे लिहितो. तिसऱ्या दिवशी रोमन लिपीतले मराठी येते. मग ‘बिल’चे ‘बील’ होते, अक्षरांच्या मध्ये टिंबे येतात, आणि शेवटी सगळा मजकूर एका चित्रात बसवून पाठवला जातो. त्यात संगणकाला शब्द म्हणून काही सापडतच नाही. वाचणाऱ्या माणसाला मात्र सगळीकडे एकच धमकी कळते.

संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात एक मोठे काम याच अडचणीतून उभे राहिले आहे. चोराने नवे सोंग घेण्याआधी आपणच ती सोंगे घडवायची, एकापेक्षा एक वेगळी, आणि आपलाच पहारेकरी त्यांतली किती ओळखतो ते मोजायचे. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही. पहारा चुकतो तेव्हाच त्याची आठवण होते.

मराठी माणसाचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले आणि त्यांनी व्हायरस पकडणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९९३ मध्ये सुरू झालेली त्यांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी पुढे क्विक हील म्हणून देशभर पोहोचली. त्या काळी व्हायरस ओळखायची पद्धत सरळ होती: सापडलेल्या व्हायरसच्या अंगावरची एखादी खूण टिपून ठेवायची आणि प्रत्येक फाईलमध्ये ती शोधायची. खूण बदलली की शोध फसणार, हे उघड होते. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने तर १९८०च्या दशकातच गणिताने दाखवून दिले होते की यच्चयावत व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. म्हणजे प्रत्येक पहाऱ्यात भोके असणारच. ती कुठे आहेत, एवढेच आपण आधी शोधू शकतो.

या शोधाची बाळबोध पायरी म्हणजे ‘आयकार’ नावाची चाचणी फाईल. अवघ्या ६८ अक्षरांची ही फाईल अगदी निरुपद्रवी आहे. पण तिला व्हायरस समजून ओरडायचे, असे अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतले आहे. फाईल टाकली आणि इशारा आला, तर पहारेकरी जागा आहे एवढे कळते. तो हुशार आहे का, हे त्यावरून कळत नाही. अनेक कार्यालयांची सुरक्षा तपासणी मात्र इथेच आटोपते आणि अहवालावर समाधानाने सही होते.

अशा समाधानाची किंमत केवढी असू शकते, हे पुण्याने पाहिले आहे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या सर्वांत जुन्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी तिच्या कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढायला सुरुवात झाली. व्हिसा कार्डांचे सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. त्याच दिवशी रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून देशातल्या देशात अडीच कोटी निघाले. त्यांतले काही थेट कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय स्विफ्ट संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यावर वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

हे घडले कसे, ते नीट पाहण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा विचारणा कार्ड कंपनीच्या जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच ती मुख्य बँकिंग प्रणालीकडे पाठवतो. तिथे खाते, शिल्लक, मर्यादा पाहून होकार किंवा नकार मिळतो आणि त्याच वाटेने परत येतो. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला एक तोतया स्विच बसवला. विचारणा त्याच्याकडे यायची आणि तो परस्पर ‘द्या पैसे’ म्हणायचा. मुख्य प्रणालीला काही विचारलेच जात नव्हते. त्यामुळे एकाही ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक हलली नाही, आणि शिल्लक पाहणाऱ्या पहाऱ्याला हलवाहलव दिसण्याचे कारणच उरले नाही. विशेष म्हणजे एटीएममधून जगभर एकाच वेळी पैसे लुटण्याचा कट शिजतो आहे, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी, शुक्रवारी, बँकांना दिला होता.

घडून गेल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते, हे खरेच. तरी एक प्रश्न विचारावाच लागतो. ‘होकार बाहेर गेला, पण आत विचारणाच आली नाही’ अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करून आपली यंत्रणा बोंबलते का, हे किती बँकांनी तेव्हा तपासले असेल? चोरीचे कार्ड, चुकीचा पिन, शिल्लक नसलेले खाते यांच्या चाचण्या होतात, कारण त्या सहज सुचतात. मधला दुवाच फितूर असण्याची चाचणी सहज सुचत नाही. चाचण्यांची संख्या आणि चाचण्यांची विविधता यांत एवढे अंतर पडते. एकाच प्रकारच्या दहा हजार चाचण्या म्हणजे एकच चाचणी दहा हजार वेळा.

विविधता आणायची कशी, यासाठी एक छोटा नियम घेऊ. समजा, एका बँकेने ठरवले: रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत एका कार्डावरून तासाभरात तीनपेक्षा जास्त वेळा पैसे निघाले तर इशारा द्यावा. पहिली चाचणी चार वेळा पैसे काढण्याची. घंटा वाजते, सगळे खूश. आता चाचणी घेणारा खोडकर झाला पाहिजे. बरोबर तीन वेळा काढले आणि चौथ्यांदा एकसष्टाव्या मिनिटाला काढले तर? पहिले दोन व्यवहार ११ वाजून ५८ मिनिटांनी आणि पुढचे दोन बारानंतर झाले तर? एकाच माणसाच्या दोन कार्डांवरून दोन-दोन वेळा काढले तर? कार्ड दुबईत वापरले, तर रात्रीचे बारा कुणाचे धरायचे, तिथले की इथले? आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे अनेक संगणक घटनांची नोंद ग्रिनिचच्या वेळेनुसार ठेवतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. हे नियम लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिले नाही, तर रात्रीचा पहारा आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होऊन सकाळी साडेदहाला सुटतो.

अशा शक्यता गुणाकाराने वाढतात. वेळ, रक्कम, ठिकाण, कार्डाचा प्रकार आणि व्यवहाराचा मार्ग अशा पाच गोष्टींचे प्रत्येकी चार पर्याय धरले, तरी १,०२४ जोडण्या होतात. प्रत्यक्षात गोष्टी पाच नसतात, पन्नास असतात. इथे एका भारतीयाचे गणित मदतीला येते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले सी. आर. राव यांनी १९४०च्या दशकात मांडलेल्या विशिष्ट मांडण्या वापरल्या, तर त्या १,०२४ पैकी अवघ्या १६ चाचण्या अशा निवडता येतात की कोणत्याही दोन गोष्टींच्या पर्यायांची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाते. पुष्कळशा चुका एखाद-दोन गोष्टींच्या संयोगातून उद्भवतात, असा अनुभव असल्याने हा सौदा फायद्याचा ठरतो. शेतीच्या आणि कारखान्यांच्या प्रयोगांत रुळलेले हे गणित असे सायबर पहाऱ्याच्या कामी आले.

दुसरी वाट याच्या अगदी उलटी, बेछूटपणाची. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेतल्या खरखरीने भलतीच अक्षरे मिसळत होती आणि चांगले नावाजलेले प्रोग्रॅम धडाधड बंद पडत होते. मिलर यांनी विद्यार्थ्यांना तोच उद्योग लावून दिला: प्रोग्रॅमना वाट्टेल तो कचरा खायला घाला. १९९० मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार तपासलेल्या युनिक्स प्रणालींवरचे पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकले. ‘फझिंग’ नावाने हे तंत्र आज सगळीकडे वापरले जाते.

पहारेकऱ्याला चकवणेही किती सोपे असते, हे १९९८ मध्ये थॉमस टासेक आणि टिमोथी न्यूशम यांनी दाखवले. हल्ल्याचा मजकूर त्यांनी तुकड्यातुकड्यांत, काही तुकडे मागेपुढे करून, मध्ये खोटे तुकडे घुसडून पाठवला. पहारा करणारी यंत्रणा आणि मजकूर स्वीकारणारा संगणक ते तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जुळवत. एकाला निरुपद्रवी बडबड दिसे, दुसऱ्यापर्यंत हल्ला पोहोचे. बाजारातल्या चार यंत्रणा तपासल्या, चारही फसल्या.

आणि पहारेकऱ्याच्या स्वतःच्या तपासणीत वैविध्य नसेल तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. कारण वाचून थक्क व्हायला होते. ओळख पटवणारा नियम २१ रकाने वाचणार होता, पण त्याला मिळत होते २०च. आधीच्या सगळ्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे लिहिले होते, म्हणून तो कधी उघडून पाहिलाच गेला नाही. पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी जग थांबले.

लष्करी मंडळी तर रोजच सोंगांना तोंड देतात. क्विक हीलच्याच सेकराइट विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘साइडकॉपी’ मोहीम उघड केली. तिचे लक्ष्य भारतीय संरक्षण दलातली माणसे होती, आणि हल्लेखोर दुसऱ्याच एका टोळीच्या पद्धतींची नक्कल करत होते. नाचणगावच्या शेजारी पुलगावात लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्यामुळे तिथल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. अशा हल्लेखोरांच्या नोंदलेल्या चाली अमेरिकेतल्या मायटर संस्थेने एका सूचीत मांडल्या असून २०१५ पासून ती सर्वांना खुली आहे. चाचणी घेणारे ती समोर ठेवून एकेक चाल आपल्याच जाळ्यात, निरुपद्रवी रूपात, खेळून पाहतात.

एवढे सगळे केले तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे, आणि बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहिलेले, म्हणजे प्रामाणिक माणसाच्या चाचण्या. वर्धा जिल्हा कापसाचा. वर्षभर शांत असलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात कापूस विकल्यावर चुकाऱ्याची मोठी रक्कम एकदम येते आणि उधारी, मजुरी, लग्नकार्य यांसाठी दोन दिवसांत निघूनही जाते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खतांसाठी पुन्हा तीच घाई. महानगरातल्या पगारदारांचे व्यवहार पाहून शिकलेल्या यंत्रणेला हा माणूस पक्का चोर वाटेल. पेरणीच्या दिवशी त्याचे खाते गोठवले, तर त्याचे नुकसान कोणत्याही चोराने केले असते तेवढेच होते.

हिशेबही यंत्रणेच्या विरोधात जातो. दिवसाला एक लाख व्यवहार होत असतील आणि यंत्रणा प्रामाणिक व्यवहारांपैकी फक्त एक टक्का चुकीने पकडत असेल, तरी रोज हजार खोट्या घंटा वाजतील. खरे चोर दिवसाला पाच-दहा. चार कर्मचारी आठवडाभर त्या घंटांमागे धावतील आणि मग आवाज बंद करून ठेवतील. म्हणून चाचणीच्या संचात चोरांच्या सोंगांइतकीच चुकारा, पेरणी, पोळा, दवाखाना यांची खरी गर्दीही हवी.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एका फसव्या संदेशाची शेकडो मराठी रूपे क्षणात करून घेता येतात. सोय मोठी आहे, पण तिच्यावर विसंबणे बरे नव्हे. ती जुन्या चोऱ्यांना नवे कपडे छान घालते. अगदी नवी चोरी मात्र तिला क्वचितच सुचते. शिवाय नियम लिहिणाऱ्यानेच चाचण्या लिहिल्या, तर त्याला जे सुचले नाही ते दोन्हीकडून सुटते. चाचणी घेणारा माणूस वेगळा हवा, आणि शक्यतो थोडा तिरकस डोक्याचा.

कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणली. ३१ डिसेंबर २०१९ ला डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार बँकांचे चार स्तर करून जबाबदाऱ्या वाढवल्या. कागदावर व्यवस्था आहे. ती राबते का, हे विचारण्याची संधी सहकारी बँकेच्या आणि पतसंस्थेच्या प्रत्येक सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत मिळते. लाभांश आणि अल्पोपाहाराच्या चर्चेतून पाच मिनिटे काढून एवढे विचारावे: गेल्या वर्षी हल्ल्याचे किती वेगवेगळे प्रकार आपल्या यंत्रणेवर करून पाहिले, त्यांतले किती पकडले गेले, किती सुटले, आणि किती प्रामाणिक खातेदारांना विनाकारण अडवले? उत्तर आकड्यांत मागावे आणि ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.