व्हिटबीचा किल्ला आणि त्यातली भुतं

व्हिटबीत रेनॉल्ड्स स्ट्रीटवरून जाताना बुरुजांची ती जुनी इमारत दिसली, की गाडीत मागून प्रश्न येतोच, "आई, इथे भुतं आहेत ना?"

हा ट्रॅफल्गार कॅसल. नाव किल्ल्याचं, पण लढाई इथे कधी झाली नाही. शेरिफ नेल्सन गिल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी 1859 ते 1862 या काळात बांधलेलं हे राहतं घर. पण एवढा डोलारा साहेबांना झेपला नाही. 1874 मध्ये घर मेथडिस्ट मंडळींकडे गेलं. मॉर्टगेजचे हप्ते भरणाऱ्यांनी भुतापेक्षा यालाच जास्त घाबरावं! तिथे मुलींचं कॉलेज निघालं, उद्घाटन केलं गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी. हेच डफरिन पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले. 1885 मध्ये मुंबईत काँग्रेस स्थापन झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

आता भुतांचं. दिवसा तापलेलं लाकूड रात्री गारठून आकसतं, मग रिकामा जिनाही कुणी चढतंय असा करकरतो. गरम पाण्याचे पाइप ठणठणतात, धुराड्यात वारा घुमतो. त्यात वसतिगृहातल्या, घरापासून लांब आलेल्या मुली. दिवे मालवले की गोष्टी सुरू. भूत यायला कितीसा वेळ!

मुलांना "भूतबित काही नसतं" म्हणून गप्प करू नका. आवाज ऐकू द्या, कुठून आला ते त्यांनाच शोधू द्या. तिथे आजही शाळा भरते, तेव्हा वाटेल तेव्हा आत जाता येत नाही. लोकांसाठी दार कधी उघडणार, ते आधी विचारून घ्या.