मुले आपल्याकडून काय उचलतात?

मूल संडे स्कूलला जाते, वचने पाठ म्हणून दाखवते आणि घरी आल्यावर सहज खोटे बोलते. असे का होते, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात पाहण्यापासून होते. भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले पैसे आपण परत करतो की खिशात टाकतो, हे पिशवी धरून उभे असलेले मूल पाहत असते. मानसशास्त्रात याला निरीक्षणातून शिकणे म्हणतात, म्हणजे कोणी न शिकवता नुसते बघून शिकणे. 1961 साली अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी संधी मिळताच तेच केले.

मग मूल ते करून पाहते, बहुधा भीतीच्या वेळी. जीव वाचवण्यासाठी अब्राहामाने पत्नी सारा ही आपली बहीण असल्याचे सांगितले, तेही दोनदा. पुढे गरारात त्याचा मुलगा इसहाक यानेही पत्नी रिबकेबाबत तेच केले. पवित्र शास्त्र ही गोष्ट झाकून ठेवत नाही.

पण सगळ्यात खोल रुजते ते आईवडिलांनी किंमत मोजून जपलेले. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. शास्त्री मंडळींचा विरोध पत्करून ते गंगामूळच्या रानात राहिले. आईने रमाबाईंना शिकवले. 1874 च्या सुमारास दुष्काळात, उपासमारीत आईवडील दोघेही गेले. रमाबाई 1883 मध्ये ख्रिस्ती झाल्या, म्हणजे वडिलांचा धर्म त्यांनी सोडला; पण स्त्रियांना शिकवण्याचे वडिलांचे व्रत त्यांनी आयुष्यभर चालवले. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या आजच्या मध्य प्रदेशाच्या बाजूला आल्या आणि उपाशी मुली व विधवांना आसरा द्यायला घेऊन गेल्या. ती भूक त्यांनी स्वतः सोसली होती. पुढे मुलगी मनोरमा आईच्याच कामात उभी राहिली. तीन पिढ्यांचा हा धागा मला कोणत्याही उपदेशापेक्षा बोलका वाटतो.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक, तोंडाने रागावायचे आणि प्रत्यक्षात चालू द्यायचे. याजक एलीने मुलांची कानउघाडणी केली, पण त्यांना आवरले नाही. उलट टोकाचा धाकही नको. मुलांना चिडीस आणू नका, असे पौलाने इफिसकरांच्या पत्रात बापांना बजावले आहे.

दुसरी चूक जास्त घरांत होते: आपण कधी चुकतच नाही असे दाखवणे. ख्रिस्ती श्रद्धेत आईवडीलही क्षमेची गरज असलेली माणसेच. ते लपवले, तर मूल पश्चात्ताप शिकत नाही, चूक लपवायला शिकते.

म्हणून मुलावर विनाकारण ओरडलात, तर त्याच दिवशी त्याच्यासमोर बसा आणि "माझं चुकलं, मला माफ कर" एवढेच म्हणा. "पण तूसुद्धा..." हे शब्द मात्र पुढे जोडू नका.