कानोसा – भाग ७ : दोन ताफे आणि गोल मैदान

या आठवड्यात कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात शिरायचं ठरलं होतं. तो भाग पुढे ढकलावा लागतो आहे, कारण कुस्तीच्या हौद्याकाठच्या हलगीवरचा गेल्या वेळचा लेख वाचून एका हलगीवादक वाचकाने असा प्रश्न धाडला आहे, की त्याला अख्खा एक भाग द्यायलाच हवा.

प्रश्न असा. एका गावच्या कुस्ती मैदानाला हलगीचे दोन ताफे बोलावले होते. शोभा वाढावी म्हणून त्यांना हौद्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, बरंच अंतर ठेवून उभं केलं. ठेका दोघांचा एकच, वादक मुरलेले. तरी थोड्याच वेळात लय जड पडू लागली आणि प्रेक्षकांतून ‘एकात वाजवा की रं’ असा ओरडा आला. ताफ्यांनी खापर गर्दीच्या गोंगाटावर फोडलं. वाचक विचारतो, दोष खरंच गर्दीचा होता का?

नव्हता. गोंगाट हलगी झाकू शकतो, पण ताल मोडतो तो अंतरामुळे.

कोल्हापूरच्या उन्हाळी संध्याकाळी, तीस अंश तापमानात, आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे ३५ मीटरला सेकंदाचा दहावा भाग. बोलण्यात एवढी फट कुणाच्या ध्यानातही येत नाही. हलगीचा हिशेब मात्र वेगळा आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिच्यात चार ठोके बसवले की दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा आठवा भाग उरतो. तेवढ्या वेळात आवाज ४४ मीटर जातो. दोन ताफे एकमेकांपासून ४४ मीटरवर असतील, तर समोरच्याचा पहिला ठोका आपल्या दुसऱ्या ठोक्यावर येऊन आदळणार. लय १६० वर गेली की हीच गडबड ३३ मीटरवर होते.

आता दोन्ही ताफे गुणी आहेत, एकमेकांना सांभाळून घेणारे आहेत, असं धरा. तिथेच खरी पंचाईत होते. पहिला ताफा दुसऱ्याचा ठोका ऐकून किंचित थांबतो. दुसऱ्यालाही पहिला उशिरा ऐकू येतो, म्हणून तोही थांबतो. प्रत्येक फेरीत दोघे एकमेकांची वाट पाहतात आणि लय खाली खाली येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा प्रयोग केला होता. दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला सांगितला, एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी पोचायला मुद्दाम उशीर लावला आणि तो उशीर दर फेरीला कमीजास्त केला. सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे अकरा भागांपलीकडे उशीर गेला, की लय मंदावू लागे. अकरा हजारांश सेकंदात आवाज जेमतेम चार मीटर जातो.

चार मीटर! हलगी, घुमकं, कैताळ असा ताफा खांद्याला खांदा लावून गोल उभा राहिला, की त्याची रुंदी साधारण तेवढीच भरते. जुने वादक नव्या पोराला ‘आत ये, लांब राहू नको’ म्हणून आत ओढतात, त्याला असा पक्का आधार आहे.

मग मोठ्या मैदानात दूरदूर पसरून वाजवणाऱ्यांनी करायचं काय? या कोड्यावर सर्वांत जास्त डोकं चालवलंय ते अमेरिकेतल्या ‘ड्रम कोअर’ पथकांनी. ढोल, ताशासारखे स्नेअर आणि पितळी वाद्यं घेऊन ही तरुण मंडळी चालत, आकृत्या बदलत अख्ख्या फुटबॉल मैदानभर पसरतात. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि २००९ पासून तिची अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये भरते. ते मैदान ९१ मीटर लांब आणि जवळपास ४९ मीटर रुंद आहे. पुढच्या रांगेतला आणि मागच्या रांगेतला वादक यांच्यात सेकंदाच्या सातव्या भागाची फट पडू शकते.

त्यांनी काढलेला तोडगा नामी आहे. लय मागच्यांनी धरायची. त्यांचा आवाज पुढे येतो आणि पुढचे वादक समोरच्या संचालकाच्या हाताकडे न पाहता पाठीमागून कानावर येणाऱ्या ठोक्यावर आपला ठोका ठेवतात. मग दोन्ही आवाज एकत्र होऊन प्रेक्षकांकडे निघतात. वाजवताना पुढचे मागच्यांपेक्षा उशिरा वाजवत असतात, पण सज्जात बसलेल्या परीक्षकाला सगळं एका ठोक्यात ऐकू येतं.

हा तोडगा कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात चालेल का? नाही, आणि त्याचं कारण मैदानाच्या आकारात आहे. ड्रम कोअरचे परीक्षक आणि मुख्य प्रेक्षक एकाच बाजूला असतात. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेलेल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्याच धर्तीवर हे मैदान उभारलं. मधोमध हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणार. पण जिथे चारी बाजूंना शौकीन आहेत, तिथे ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ ठरवणार कोण?

समजा, ४४ मीटरवरच्या दोन ताफ्यांपैकी पूर्वेच्या ताफ्याने अमेरिकी पद्धत धरली आणि पश्चिमेचा ठोका कानावर आल्यावर आपला वाजवला. पूर्वेचे प्रेक्षक खूश, त्यांना दोन्ही एकत्र ऐकू येतील. पश्चिमेच्या प्रेक्षकांना मात्र पूर्वेचा ठोका दुप्पट, म्हणजे पाव सेकंद उशिरा मिळेल. १२० च्या लयीत ती अर्धी मात्रा झाली. एका बाजूचं भलं करायला गेलं की दुसऱ्या बाजूचं दुप्पट बिघडतं. हौद्यात एक म्होरक्या उभा करून दोघांना त्याच्या हाताकडे बघून वाजवायला लावलं, तर मधोमधच्या पैलवानांना आणि पंचांना ताल अचूक मिळेल. कडेच्या हजारोंना फट ऐकू येतच राहील. गोल मैदानात दोन ताफ्यांना जागाच नाही. एकच ताफा हवा, घट्ट उभा आणि हौद्याजवळ.

आता गर्दीकडे वळू, कारण तिचाही हिशेब वाचकाला द्यायला हवा. आवाज मोजण्याच्या डेसिबलच्या पट्टीवर आवाजाचा स्रोत दुप्पट झाला की तीनच डेसिबल वाढतात. एका हलगीच्या दहा केल्या तर दहा डेसिबल वाढतात आणि कानाला तो आवाज दसपट न वाटता साधारण दुप्पट वाटतो. गर्दीलाही हाच नियम आहे, पण तिच्याकडे माणसं हजारोंनी असतात. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ रोजी प्रेक्षकांनी १४२.२ डेसिबलचा विक्रम केला. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. हौद्यापासून पाच मीटरवर बसलेल्याला जी हलगी ऐकू येते, ती चाळीस मीटरवरच्याला अठरा डेसिबल कमी मिळते, आणि त्याच्या कानाशी तर शेजारीच ओरडत असतो.

तरी हलगी त्याच्यापर्यंत पोचते. कारण आरोळ्यांचा गलका सलग असतो. तो चढतो, रेंगाळतो, उतरतो, आणि त्याचा जोर बराचसा माणसाच्या गळ्याच्या पट्टीत असतो. हलगीचा ठोका क्षणात उठतो, क्षणात विरतो आणि त्याची धार त्या पट्टीच्या वर जाते. गोणपाटातून दाभण निघावं तसा तो गलक्यातून आरपार निघतो. सलग आवाजापेक्षा अचानक झालेला बदल कान आधी पकडतो. घुमक्याचा खर्ज त्याच गर्दीत लवकर बुडतो. कैताळाची झांज मात्र लांबवर तग धरते.

ही धार कातड्याच्या ताणात असते. दमट हवेत कातडं पाणी शोषतं, सैल पडतं आणि कडकडाटाचा भदभदाट होतो. म्हणून मैदानाच्या कडेला पालापाचोळा पेटवून हलगी शेकायची. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या प्रामुख्याने मातंग समाजातल्या वादकांनी जपली. कातडं किती शेकायचं आणि कधी आवरायचं, हे त्यांनी बोटांनी आणि कानांनी ठरवलं. फायबरच्या पडद्याला शेकावं लागत नाही, ही सोय खरीच. तरी नीट तापलेल्या कातड्याची टणक थाप ऐकलेला शौकीन तिचा शोध घेत राहतो.

गर्दी एक खोडी मात्र नक्की करते. भोवती गलका वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रान्सचे कान-घशाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं. वादकाच्या हातातही हेच दिसतं. एकलंगी किंवा ढाक असा डाव पडला, मैदान उठून उभं राहिलं, की टिपरू जोरात पडतं आणि लय पुढे पळते. कसलेला हलगीवाला अशा वेळी गर्दीवरचं ध्यान काढून पैलवानांच्या पायांवर लावतो. खडाखडी चालू असेल तर ठेका दमाने, पकड घट्ट झाली की द्रुत. लय त्याला कुस्तीतून मिळते.

लढत आणि वाद्य यांची ही सोबत जुनी आहे. लिबियातल्या झ्लितेन इथे सापडलेल्या रोमन काळातल्या फरशीचित्रात ग्लॅडिएटरांच्या लढतीशेजारी लांब तुतारीवाला, दोन वक्र शिंगवाले आणि पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन वाजवणारी व्यक्ती दिसते. थायलंडच्या मुष्टियुद्धात आजही सनईसारखं वाद्य, दोन ढोल आणि छोटी झांज वाजते आणि लढत तापेल तशी लय चढते. दोन्हीकडे वादकांचा एकच छोटा जथा आहे. आपल्या प्रश्नकर्त्या वाचकाने पुढच्या वेळी दोन्ही ताफे एकत्र करून एका बाजूला उभे करावेत. आवाज तीनच डेसिबल वाढेल, पण ताल टिकेल.

पडताळा कुणालाही घेता येईल. पुढच्या मैदानाला शेवटच्या रांगेत बसून हलगीवाल्याच्या हाताकडे पाहावं. टिपरू कातड्यावर पडल्यावर ठोका किंचित मागून येताना कळतो. मग उतरत उतरत हौद्यापाशी जावं, ती फट मिटत जाईल.

यात निवेदकाच्या कर्ण्यांचा विषय राहूनच गेला. चार कोपऱ्यांवरच्या चार कर्ण्यांतून एकच वाक्य चार वेळा का ऐकू येतं, त्यासाठी अर्धा भाग लागेल. पुढच्या आठवड्यात आधी कर्णे आणि मग केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालेली ती वास्तू पुन्हा उभी करताना आवाजाच्या अंगाने कशाकशाची काळजी घ्यावी लागते, ते तेव्हा सविस्तर पाहू.