हर्णैच्या किनाऱ्यावर मराठी शिकणारा स्कॉटिश तरुण

हर्णैला गेलात की मासळीच्या लिलावाच्या गर्दीतून वाट काढत पाण्यापर्यंत जा. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. जॉन विल्सन या चोवीस वर्षांच्या मिशनऱ्यानं मराठीचे पहिले धडे गिरवले ते या गावात. विल्सन कॉलेजमुळे त्यांचं नाव मुंबईत सगळ्यांना माहीत आहे, पण हर्णैचे हे दिवस फारसे कुणाच्या कानावर नसतात.

स्कॉटलंडमधलं लॉडर हे त्यांचं गाव. १८२८ मध्ये मार्गारेट बेन यांच्याशी लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत दोघं जहाजात बसले. फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले. तिथे स्थिरावण्याआधी ते कोकणात आले, कारण बाणकोट-हर्णै भागात स्कॉटिश मिशनचं काम आधीपासून चालू होतं. नवख्याला भाषा शिकायला ही जागा सोयीची.

आणि शिकायचं तरी किती! छापील मजकुराला देवनागरी, रोजच्या कागदपत्रांना मोडी, शिवाय कानावर पडणारी किनाऱ्यावरची बोली. तरी त्याच वर्षी विल्सन मराठीत प्रवचन देऊ लागले. मला तर या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

मार्गारेटबाईंनीही मराठी आत्मसात केली. पुढे मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेही पुण्यात फुले दांपत्याची १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. १८३५ मध्ये त्या गेल्या. मुंबईत त्यांना जेमतेम सहा वर्षं मिळाली.