भूमीतील ठेवा आणि नकाशावरील बिंदू

वऱ्हाडातील काळी माती जितकी देणारी, तितकीच जपणारीही आहे. नांगराचा फाळ खोल गेला, विहिरीची माती वर आली, जुन्या वाड्याची भिंत उतरवली किंवा रस्त्यासाठी मुरूम काढला, की शतकानुशतके दडलेले काहीतरी अवचित हाती लागते. कधी ते खापराच्या मडक्यातील नाणे असते, कधी तांब्याचा पत्रा, तर कधी पद्मासनस्थ जिनबिंब. दिग्रस परिसरात अशा खोदकामाचे प्रसंग पुढे वाढणारच आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद या वाटेनेच जातो, आणि गावातील जुने वाडे उतरवून तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. म्हणूनच आपल्या व्यापारी कुटुंबांनी एका प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवणे हिताचे आहे: भूमीतून काही निघाले, तर पहिल्या तासात काय करावे?

हा प्रश्न आज निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी बसस्थानक किंवा मंदिराच्या प्रवेशद्वारी दिसणारे मेटल डिटेक्टर हे यंत्र आता कोणालाही विकत मिळते, आणि जागेचे अक्षांश-रेखांश सांगणारे जीपीएस तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. ही दोन साधने एकत्र आली, की तरुणांच्या मनात शोधाचे कुतूहल जागे होणे स्वाभाविक आहे. कुतूहलात दोष नाही. मात्र साधनाबरोबर त्याचा विवेकही हाती यावयास हवा.

ठेवा आणि ठिकाण

दिग्रसच्या वायव्येस, मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. आज ते वाशिम जिल्ह्यात येते. त्या काळी ते अकोला जिल्ह्यात होते. १९३९ साली तेथे सातवाहन राजांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा संचय सापडला. ही नाणी सोन्याचांदीची नव्हती. पोटिन या हलक्या मिश्रधातूची ती नाणी होती. एका बाजूस हत्ती आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. सराफाच्या तराजूत त्यांचे मोल नगण्यच ठरले असते. परंतु महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांतील वंशावळीत न आढळणारी नावे प्रकाशात आली. उत्तरकालीन सातवाहनांच्या इतिहासात वऱ्हाडाचे स्थान या नाण्यांनी पक्के केले. हे साधले, कारण संचय एकत्र राहिला आणि तो कोठे सापडला हे ठाऊक होते. तीच नाणी दहा बाजारांत विखुरली असती, तर प्रत्येक नाणे अनाथ झाले असते.

आपल्या परंपरेचाही असाच एक ठेवा आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे जैन धातुमूर्तींचा संचय मिळाला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील तो एक महत्त्वाचा ठेवा होय. गुजरातेत बडोद्याजवळील अकोटा येथे निघालेल्या जैन धातुमूर्ती तर प्रथम लोकांच्या हाती विखुरल्या होत्या. डॉ. उमाकांत शहा यांनी त्या परिश्रमाने शोधून एकत्र आणल्या आणि १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातील जैन शिल्पकलेच्या प्रारंभकाळाविषयी आज जे ज्ञान आहे, त्याचा मोठा आधार हा संचय आहे.

व्यापाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. रोजकीर्दीत रक्कम आहे, पण तारीख नाही आणि कोणाच्या नावे हेही नाही, अशा नोंदीचे मोल काय? ठिकाण हरवलेली मूर्ती ही तशीच नोंद होय. ती पूजनीय राहते, परंतु त्या गावी एके काळी श्रावकांची वस्ती होती, मंदिर होते, व्यापारी मार्ग होता, ही साक्ष ती देऊ शकत नाही.

नकाशा वाचण्याची शिस्त

ठिकाणाची नोंद अचूक व्हावी यासाठी दोन गोष्टी लागतात: चांगला नकाशा आणि आकडे लिहिण्याची शिस्त. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आजही सर्वांत भरवशाचे आहेत. १ : ५०,००० प्रमाणाच्या अशा नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार दिग्रस ५५ एच या विभागात येते. नाले, पांदण, जुन्या विहिरी, टेकाडे, ओसाड गावठाणे या नकाशांत दिसतात. त्याच्या जोडीला भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा ठेवला, की जागा कोणत्या गटात आणि कोणाच्या मालकीची, हेही कळते. अरुणावती धरणासारख्या प्रकल्पांनी परिसराचे रूप बदलले आहे. म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

जीपीएसची सुरुवातीची अचूकता सामान्य लोकांसाठी मुद्दाम कमी ठेवलेली होती. मे २००० मध्ये अमेरिकेने ते बंधन उठवले आणि सुमारे शंभर मीटरांपर्यंत जाणारी चूक काही मीटरांवर आली. मोकळ्या आकाशाखाली आजचा साधा फोनही बहुधा पाच-दहा मीटरांच्या आत जागा दाखवतो. दाट झाडीखाली, नाल्याच्या दरडीलगत किंवा उंच भिंतींमध्ये ही चूक वाढते. अशा वेळी यंत्र एका जागी काही मिनिटे स्थिर ठेवून तीन-चार वेळा आकडे घ्यावेत आणि त्यांची सरासरी काढावी.

आकडे लिहिताना होणारी एक चूक विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिग्रसचे अक्षांश सुमारे २०.१० अंश उत्तर आहे. दशांश पद्धतीने लिहिलेल्या या आकड्याचा अर्थ २० अंश ६ मिनिटे असा होतो. कोणी तो २० अंश १० मिनिटे असा वाचला, तर जागा उत्तरेकडे सात किलोमीटरांहून अधिक सरकते. म्हणून आकडे दशांशात आहेत की अंश-मिनिटांत, हे प्रत्येक नोंदीपुढे स्पष्ट लिहावे. दशांशानंतर पाच अंक लिहिले, तर नोंद सुमारे एका मीटरपर्यंत जाते; चार अंकांनी ती अकरा मीटरांवर राहते.

दुसरी अडचण नकाशाच्या पायाची आहे. जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही जागतिक पद्धत वापरते. दोन्हींतील फरक न मानता आकडे जुन्या नकाशावर बसवले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरांहून अधिक चुकते. शेताच्या बाबतीत हा फरक म्हणजे शेजाऱ्याचा बांध ओलांडणे होय! तिसरी बाब खास आपल्या जिल्ह्याची. मीटरांत मोजणारी यूटीएम पद्धत वापरली, तर दिग्रस आणि दारव्हा ४३ व्या पट्ट्यात येतात, यवतमाळ शहर मात्र ४४ व्या पट्ट्यात. कारण ७८ अंशांची पट्टेरेषा त्यांच्या मधून जाते. पट्ट्याचा क्रमांक न लिहिलेली नोंद अपुरी समजावी.

यंत्र काय सांगते, काय सांगत नाही

मेटल डिटेक्टरच्या कड्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. धातूमध्ये त्यामुळे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उमटतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. आपली जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली आणि लोहखनिजयुक्त असल्याने खोट्या सूचनाही बऱ्याच मिळतात. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यामुळे वस्तू आपली मूळ पातळी सोडतात. दगडी मूर्ती, खापर, विटा यांविषयी तर हे यंत्र मूकच असते. म्हणून ‘गुप्तधन शोधणारे यंत्र’ अशी त्याची कीर्ती फसवी आहे. गुप्तधनाच्या नावाने मांत्रिकाकरवी केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहेत, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

या यंत्राचा प्रामाणिक उपयोग कसा असतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील हॉक्सन गावचे आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचे स्नेही एरिक लॉज यंत्र घेऊन गेले आणि त्यांना रोमन नाणी लागली. अधिक न उकरता त्यांनी तत्काळ संबंधितांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने आणि भांडी ज्या पेटीत, ज्या रचनेत ठेवली होती, ती रचनाही त्यामुळे समजली. हातोडाही सापडला, तो आज त्या ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कायद्याचे बोलणे

भारतात या विषयाचा मूळ कायदा १८७८ चा निखात निधी अधिनियम होय. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते. सूचनेत तीन गोष्टी हव्यात: वस्तूचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण, आणि तारीख. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात ठेवावी लागते किंवा ती हजर करण्याची हमी द्यावी लागते. निधी बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. शासनास तो स्वतःकडे घ्यावयाचा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. मात्र शोधणाऱ्याने सूचना दिली नाही, तर त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो.

जुना वाडा उतरवताना पूर्वजांचा हंडा निघाला, तर काय? शंभर वर्षांच्या आत तो आपल्याच घराण्यातील व्यक्तीने पुरला असल्याचा दावा असेल, तर तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करण्याची संधी हा कायदा देतो. अशा वेळी आजोबा-पणजोबांच्या वह्या, खतावण्या आणि पत्रे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात. वाड्याबरोबर त्या रद्दीत घालू नयेत, याचे हेही एक कारण.

मूर्तींना १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियमही लागू आहे. शंभर वर्षांहून जुन्या दगडी व धातूच्या मूर्तींची नोंदणी बंधनकारक आहे आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत. नोंदणीने मालकी जात नाही. उलट मूर्ती चोरीस गेल्यास तीच आपला आधार ठरते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवान्याविना खोदणे सर्वथा वर्ज्य आहे.

श्रावकाची मर्यादा

कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या आचार्यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात अचौर्य अणुव्रत सांगताना परक्याची पुरलेली, पडलेली आणि विसरलेली अशा तिन्ही प्रकारच्या वस्तूंचा उल्लेख केला आहे. न दिलेले घेऊ नये, हा नियम मालक समोर नसतानाही लागू आहे. याच व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे यांची गणना होते. कोणी शेतात निघालेली मूर्ती वा नाणी स्वस्तात आणून दिली, तर ती घेणारा केवळ ग्राहक राहत नाही. निष्कारण जमीन खोदणे हा तर प्रमादचर्या नावाचा अनर्थदंड मानला आहे. पृथ्वीकायिक जीवांची ती हिंसा होय. छंद म्हणून शेतोशेत उकरत हिंडणे श्रावकास शोभणारे नाही, ते एवढ्यासाठी.

आणि नकाशा? तो आपल्या परंपरेस परका नाही. दिग्व्रत घेणारा श्रावक नदी, पर्वत, अरण्य अशा प्रसिद्ध खुणांनी आपल्या गमनाची सीमा बांधतो, आणि त्या सीमेचा विसर पडणे हाही अतिचार मानला आहे. जागा नेमकी जाणणे आणि तेथे आपले पाऊल थांबवणे, या दोन्ही गोष्टी त्या व्रतात एकत्र आहेत.

पहिल्या तासात

वस्तू दिसताच काम थांबवावे. ती घासू, धुऊ किंवा खेचून काढू नये. धातूवरील हिरवट थर आणि मूर्तीच्या पीठावरील लेख पहिल्या घासणीतच नष्ट होतात. मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, खोली, तारीख, वेळ आणि उपस्थितांची नावे वहीत लिहावीत. विहीर, बांध किंवा जुने झाड यांपासूनचे अंतरही मोजून ठेवावे. यंत्र बंद पडले, तरी वही बोलते. तलाठी, तहसीलदार वा पोलीस पाटील यांना कळवून लेखी पोच घ्यावी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे सूचना पाठवावी. पुरातत्त्व विभागाचे अधिकारी येईपर्यंत जागेवर राखण ठेवावी. नेमके आकडे मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत. फोनच्या छायाचित्रात जागेची नोंद आपोआप साठवली जाते आणि मूर्तिचोरांनाही नकाशा वाचता येतो.

जिनबिंब प्रकट झाल्याचे वृत्त आले, की दर्शनाला गर्दी लोटते, वाजतगाजत मूर्ती मंदिरात आणण्याची उत्सुकता अनावर होते. ही भक्ती वंदनीय आहे. तिला एका दिवसाचा संयम जोडला, तर मूर्तीबरोबर तिचे गाव, तिचे शतक आणि ती घडवणारे श्रावकही आपल्याला परत मिळू शकतील. समाजाने कायदेशीर मार्गाने मूर्तीची मागणी केली, तरी त्या मागणीचा पहिला पुरावा पहिल्या तासातील हीच नोंद असेल. प्रत्येक मंदिराच्या दप्तरात यासाठी एक कोरी वही आजच ठेवता येईल.