उडी एका दिवसाची, पायडल रोजचे



एरवी मी आपल्याशी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. आज एक पाय गमावूनही आभाळातून उडी घेणाऱ्या आणि देशभर सायकल चालवणाऱ्या माणसांविषयी लिहिणार आहे. "साहेबांचं हे काय भलतंच?" असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच शिवारातला आहे.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातील एक जुने सभासद. सगळे त्यांना तात्या म्हणतात. रात्रीच्या वेळी उसाने भरलेली ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागे सरकला आणि तात्यांचा पाय मध्ये सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचला, पण माणूस ओसरीवरच्या बाजेला खिळला. घरचे सगळे मायेचे. "तात्या, तुम्ही बसून राहा, आम्ही बघतो," एवढेच म्हणत.

चूक माझीही झाली. उसाची नोंद तात्यांच्या नावावर. पण मी परस्पर बांधावर त्यांच्या मुलाशी बोलून यायचो. ओसरीवर जायला मन धजत नसे. त्या वर्षी त्यांचा खोडवा पाहिला, तर सरीत जागोजाग नांग्या. तात्या स्वतः फिरत तेव्हा त्या रानात असे कधी दिसले नव्हते.

शेवटी एकदा ओसरीवर जाऊन बसलो. काय बोलावे सुचेना, म्हणून वाचलेली एक हकिकत सांगितली.

नाशिकच्या आभाळातील उडी

मेजर देवेंद्रपाल सिंग हे डोग्रा रेजिमेंटचे अधिकारी. कारगिल युद्धाच्या काळात, १५ जुलै १९९९ रोजी, अखनूर भागात त्यांच्या अगदी जवळ तोफगोळा फुटला. इस्पितळात प्रथम त्यांना मृतच ठरवले होते. नंतर धुगधुगी आढळली. जखम सडू लागल्याने उजवा पाय कापावा लागला. पुढे दहा वर्षांनी, २००९ साली, हेच गृहस्थ दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावले. आणि २८ मार्च २०१९ रोजी, आपल्या नाशिकला, रीतसर प्रशिक्षण घेऊन त्यांनी पॅराशूटने एकट्याने उडी घेतली.

मी मोठ्या रंगात येऊन हे सांगितले. तात्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सायेब, लई मोठा माणूस. पण उडीचं काय, एकदा वरनं सुटलं की माणूस खाली येतोच. मला बांधापत्तुर जायाचं हाय. त्याचं काय ते सांगा."

मी गप्प झालो. तात्यांचे खरे होते. मेजरसाहेबांची उडी एका दिवसाची. पण १९९९ ते २०१९ ही मधली वीस वर्षे ते रोज उठून चालले, पडले, पुन्हा उभे राहिले. ती वीस वर्षे मी सांगितलीच नव्हती.

काश्मीर ते कन्याकुमारी

मग दुसरी हकिकत शोधली. हैदराबादचे आदित्य मेहता यांनी अपघातात पाय गमावला. २०१३ च्या आशियाई पॅरा-सायकलिंग स्पर्धेत त्यांनी दोन रौप्यपदके मिळवली. त्यांच्या संस्थेने २०२० साली दिव्यांग सायकलस्वारांची काश्मीर ते कन्याकुमारी यात्रा काढली. नोव्हेंबरमध्ये निघालेला ताफा डिसेंबरअखेर पोहोचला. श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गच सुमारे ३,७०० किलोमीटरचा आहे, यावरून अंतराचा अंदाज यावा. मध्य प्रदेशातील तान्या डागा ही तरुणी त्यात एका पायाने सायकल चालवत होती. वाटेत तिचे वडील वारले. ती घरी गेली आणि परत येऊन यात्रा पूर्ण केली.

एका पायाने सायकल चालते कशी? पाऊल पायडलला अडकवलेले असते. आपण पायडल फक्त खाली दाबतो. एका पायाच्या स्वाराला ते दाबावेही लागते आणि वरही ओढावे लागते. कृत्रिम पाय लावून चालवणाऱ्याची अडचण निराळी. त्या पायाच्या वाटीत घाम साचतो, कातडी सोलते, मांस सुजते. म्हणून लांबच्या यात्रेत विश्रांतीचा दिवस हा आळसाचा दिवस नसतो. जखम सुकली तरच दुसऱ्या दिवशी निघता येते.

हे ऐकताना तात्या उठून बसले. "सायकलवर भार पायावर न्हाई, बुडावर असतो," ते म्हणाले. बरोबर ओळखले होते!

तोडलेल्या बुडख्याचा खोडवा

पुढच्याच महिन्यात मुलाने त्यांना शिबिरात नेऊन जयपूर फूट बसवून आणला. १९६८ च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा रबरी पाय घडवला. अनवाणी चालता यावे, चिखलात जाता यावे, मांडी घालता यावी, असा तो आपल्या शेतकऱ्यासाठीच केल्यासारखा आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत बसवते.

सुरुवातीला तात्यांना फोड आले. दोनदा पाय काढून कोपऱ्यात फेकला. पण सोडला नाही. आज ते जुन्या सायकलवरून रानात जातात. यंदा खोडव्याच्या नांग्या त्यांनी उभे राहून भरून घेतल्या आणि मला दोन चुकाही दाखवल्या.

बंधूंनो, ऊस तुटला की आपण बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटतो. छाटले नाहीत तर फुटवा वरच्या डोळ्यातून येतो आणि कमजोर राहतो. छाटून, पाचट ठेवून, वेळेवर खत-पाणी दिले तर खोडवा लागणीच्या तोडीस येतो. नुसते "बिचारा खोडवा" म्हणून तो येत नाही. माणसाचेही तसेच आहे. पाय गेलेल्याला कीव नको, काम द्या. निदान त्याच्या रानाविषयी त्याला विचारा तरी.

आता हंगाम तोंडावर आहे, म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या मध्ये उभे राहू नका. चाकाला दगड लावा.

२. ट्रॉली व बैलगाडीला मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय रात्री रस्त्यावर आणू नका.

३. कडबाकुट्टीवर सैल बाह्या व पदर नकोत. बोट तुटल्यास जखम स्वच्छ फडक्याने दाबून धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवून तातडीने इस्पितळ गाठा.

४. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यावा लागतो.

आपल्या वाडीवस्तीवर कोणी तात्यांसारखे ओसरीवर बसून असतील, तर गट कार्यालयात कळवा. मी येईन. आणि या खेपेस बांधावर न थांबता आधी ओसरीवर येईन.

— ऊस विकास अधिकारी